ह्युमिडॉर

ह्युमिडॉर ही सिगार साठवण्यासाठी वापरली जाणारी, आतील हवेची आर्द्रता ठरावीक पातळीवर राखणारी लाकडी पेटी होय. ओलसर या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले आहे. टेबलावर मावणारी लहान पेटी, उभे कपाट आणि दुकानातील संपूर्ण खोली अशा सर्व प्रकारांना हेच नाव लावतात. या लेखात मुख्यतः पेटीचे लाकूड आणि तिची बांधणी यांचा विचार केला आहे, कारण पेटीचे यशापयश आर्द्रता देणाऱ्या उपकरणापेक्षा लाकडावर अधिक अवलंबून असते.

सिगार पूर्णपणे तंबाखूच्या पानांचा बनलेला असतो आणि वाळलेले पान भोवतालच्या हवेतील बाष्प सहज शोषते व सहज सोडते. कोरड्या हवेत सिगारचे बाहेरचे वेष्टन तडकते आणि सुगंधी तेले उडून जातात. हवा फार ओली असेल तर बुरशी येते. त्यामुळे सुमारे ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सियस तापमान हा पट्टा सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो. हा पट्टा अरुंद असून त्याची वरची कड बुरशीच्या वाढीला अनुकूल पातळीला जवळजवळ भिडलेली आहे. पेटीचे लाकूड निवडताना आणि सांधे जुळवताना घ्यावी लागणारी काळजी यातूनच उद्भवते.

महाराष्ट्रातील तंबाखूच्या परंपरेत अशा पेटीची गरज सहसा पडली नाही. तेंदूच्या पानात वळलेली विडी वळल्यानंतर शेकून कोरडी केली जाते आणि कोरडीच ठेवली जाते. चंचीतील किंवा डबीतील तंबाखूही फार ओला चालत नाही. मराठीत रुळलेला ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधून, गुंडाळी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. भारतातील सिगार व चिरूट यांचा व्यवसायही प्रामुख्याने तमिळनाडूतील दिंडिगुल आणि तिरुचिरापल्ली या भागांत वाढला. मराठी घरातील ह्युमिडॉरचा खरा नातेवाईक म्हणजे विड्याच्या पानांचा पानपुडा. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने टवटवीत राहतात ती याच तत्त्वाने. फक्त तेथे ओलाव्याचे मोजमाप बोटांच्या स्पर्शाने होते.

लाकूड आणि बाष्प

लाकूड तोडून वाळवल्यानंतरही हवेशी बाष्पाची देवाणघेवाण करीत राहते. विशिष्ट आर्द्रतेच्या हवेत पुरेसा काळ ठेवलेले लाकूड ज्या पाण्याच्या प्रमाणावर स्थिरावते, त्याला समतोल जलांश म्हणतात. सुमारे २१ अंश तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना हा जलांश लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ४.५ टक्के, ३० टक्के असताना सुमारे ६ टक्के, ७० टक्के असताना सुमारे १३ टक्के आणि ८० टक्के असताना सुमारे १६ टक्के असतो. जातीनुसार थोडा फरक पडतो, पण क्रम हाच राहतो.

या आकड्यांचा पेटीच्या दृष्टीने अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. आतून २५ सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच अशा पेटीत ५ लिटर हवा मावते. २१ अंशांवर ७० टक्के आर्द्रतेच्या या हवेत असलेले सारे बाष्प गोळा केले, तर ते ०.०७ ग्रॅमही भरत नाही. याउलट त्याच पेटीला आतून ४ मिमी जाडीचे हलके लाकडी अस्तर लावल्यास त्याचे वजन सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम होते, आणि कोरड्या खोलीतून येऊन १३ टक्के जलांशापर्यंत पोचताना ते २० ग्रॅमहून अधिक पाणी पिते. हवेत असते त्याच्या कितीतरी पट पाणी लाकडात असते. झाकण उघडल्यावर आतली हवा क्षणात बदलते. ती पुन्हा पूर्वपदावर येते, ती या अस्तरातील साठ्यामुळे. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या हवाबंद डब्यात सिगार टिकतो, परंतु तेथे हा साठा नसल्याने आर्द्रता झपाट्याने वरखाली होते.

नवी पेटी विकत आणून त्यात लगेच सिगार ठेवल्यास ते ओले राहण्याऐवजी अधिकच वाळतात, याचे कारणही हेच. तहानलेले लाकूड प्रथम सिगारमधलेच पाणी ओढून घेते.

स्पॅनिश सीडर

ह्युमिडॉरच्या अस्तरासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ या व्यापारी नावाने ओळखले जाते. हे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. हा वृक्ष स्पेनमधला नाही आणि सीडर, म्हणजे देवदाराच्या वर्गातलाही नाही. त्याचे शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा असून तो मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटे येथील आहे. त्याचे कुल मेलिएसी, म्हणजे आपल्या कडुनिंबाचे आणि महोगनीचे कुल. खऱ्या देवदाराचे लाकूड राळेच्या उग्र वासामुळे या कामाला चालत नाही. नावावरून फसून देवदाराची पेटी केल्यास त्यातील तंबाखूला तोच वास लागतो.

स्पॅनिश सीडरचे लाकूड तांबूस, हलके आणि कापण्यास सोपे असते. घनता दर घनमीटरला साधारण ४५० ते ४८० किलोग्रॅम असते. सच्छिद्र असल्याने ते बाष्प पटकन घेते आणि पटकन देते, ओलाव्यात सहसा कुजत नाही, आणि त्याचा सौम्य मसालेदार गंध तंबाखूच्या गंधाशी जुळतो. क्यूबातील सिगार मुळात याच लाकडाच्या खोक्यांत भरून जगभर पाठवले जात. त्यामुळे सिगारचा वास म्हणून ग्राहकांना जो परिचित झाला, त्यात या लाकडाचा वाटा मोठा आहे.

त्याचा दोष म्हणजे चिकट राळ. नीट न वाळवलेल्या फळ्यांतून ती थेंबाथेंबाने बाहेर येते, सिगारला चिकटते आणि क्वचित पेटीचे झाकणच बसवून टाकते. भट्टीत वाळवल्याने हा दोष बराच कमी होतो. उरलेले डाग अल्कोहोलने पुसून पृष्ठभाग हलका घासला जातो. हे लाकूड कीड पळवते ही समजूत प्रचलित आहे, परंतु सिगारमधील भुंगेऱ्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

या वृक्षाची नैसर्गिक संख्या दीर्घकाळच्या तोडीमुळे घटली आहे. कोलंबिया आणि पेरू या देशांच्या विनंतीवरून २००१ मध्ये तो धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या, म्हणजे साइट्सच्या तिसऱ्या परिशिष्टात आला. पुढे सेड्रेला या संपूर्ण प्रजातीची अमेरिका खंडातील वाढ २८ ऑगस्ट २०२० पासून दुसऱ्या परिशिष्टाखाली आणली गेली. मोठ्या पानाची महोगनी २००३ पासूनच त्या परिशिष्टात आहे. लागवड करून तूट भरून काढणे सोपे नाही, कारण हिप्सिपायला नावाच्या पतंगाची अळी कोवळे शेंडे पोखरते आणि खोड सरळ वाढण्याऐवजी फाटे फुटून वेडेवाकडे होते. लाकडी खोक्यासाठी लागणारी सरळ फळी त्यातून निघत नाही.

तूण आणि इतर भारतीय लाकडे

भारतात याच कामाला येणारा वृक्ष तूण होय. त्याचे शास्त्रीय नाव टूना सिलिएटा. पूर्वी त्याला सेड्रेला टूना म्हणत, यावरून स्पॅनिश सीडरशी असलेले त्याचे जवळचे नाते लक्षात येते. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत तो आढळतो. लाकूड विटकरी तांबडे, हलके, सुवासिक आणि काम करण्यास सुलभ असून चहाची खोकी, फर्निचर आणि सिगारची खोकी यांसाठी त्याचा वापर झाला आहे. हाच वृक्ष ऑस्ट्रेलियात ‘तांबडा सीडर’ म्हणून ओळखला जातो. तेथे १९ व्या शतकात त्याची एवढी तोड झाली की मोठी झाडे दुर्मीळ झाली.

महाराष्ट्रात तुणीच्या लाकडाचे नाव ऐकू येते ते वाद्यांच्या संदर्भात. मिरज येथे १९ व्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये घडवली जातात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब हे या परंपरेतील आद्य कारागीर मानले जातात. येथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो, तर सतारीसाठी तुणीचे लाकूड वापरतात. ज्या गुणांसाठी वाद्य घडवणारा तूण निवडतो, त्यांतील बरेचसे ह्युमिडॉर घडवणाऱ्यालाही हवे असतात: हलकेपणा, सरळ तंतू आणि चांगले मुरवल्यानंतर आकार टिकवण्याची क्षमता.

सागवान हे मराठवाड्यातील घरांचे, दारे-चौकटींचे आणि संदुकांचे लाकूड. हिंगोली जिल्ह्यातील पानझडी जंगलांतही साग आहे. बाहेरच्या पेटीसाठी ते उत्तमच, कारण ते फार कमी आकसते. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागाची फळी त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. स्पॅनिश सीडरसाठी हेच आकडे सुमारे ४.२ आणि ६.३ टक्के आहेत. मात्र अस्तर म्हणून सागवान टाळतात. त्याला स्वतःचा तेलकट, चामड्यासारखा वास असतो. त्या तेलामुळे बाष्पाची देवाणघेवाण मंदावते, आणि सरसाने जोडलेले सांधेही पक्के धरत नाहीत. जोडण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून किंवा पुसून घ्यावा लागतो.

शिसव आणि अक्रोड यांचा उपयोग बहुधा बाहेरच्या शोभेपुरता, पातळ पापुद्र्याच्या रूपात होतो. शिसवीचा समावेश असलेली डाल्बर्जिया ही प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. निलगिरी, कापूर किंवा चीड यांसारखी वासाची लाकडे आतून कधीही वापरत नाहीत.

बांधणी

चांगल्या ह्युमिडॉरमध्ये वस्तुतः दोन पेट्या असतात, एकीत दुसरी. बाहेरची पेटी आकार आणि मजबुती देते, आतली बाष्प सांभाळते. अडचण अशी की दोघींना वेगवेगळ्या हवेत राहावे लागते. आतील अस्तर वर्षभर १३ टक्के जलांशावर असते, तर बाहेरचे लाकूड ऋतूप्रमाणे ५ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान हेलकावे खाते. एकच जाड फळी वापरली तर तिची आतली बाजू फुगते, बाहेरची आकसते आणि फळी बाक घेते. झाकणाच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते, कारण झाकणाने मिलिमीटरभर बाक घेतला तरी पेटी हवा धरत नाही.

यावर कारागीर दोन मार्ग अवलंबतात. पहिला मार्ग म्हणजे बाहेरच्या पेटीसाठी प्लायवूड किंवा एमडीएफ वापरणे. या तक्त्यांना तंतूंची एकच दिशा नसल्याने ते फारसे हलत नाहीत. त्यावर दोन्ही बाजूंनी पापुद्रा चिकटवतात, एकाच बाजूने नव्हे, अन्यथा तक्ता ओढला जाऊन वाकतो. हलक्या प्रतीच्या एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइडचा वास येत राहतो. तो तंबाखूला लागू नये म्हणून कडा पूर्ण झाकणे आवश्यक असते. दुसरा मार्ग अखंड लाकडाचा. त्यात वलये फळीच्या पृष्ठाला उभी येतील अशा त्रिज्य कापाच्या फळ्या निवडतात आणि झाकणाचा मधला भाग चौकटीच्या खोबणीत सरस न लावता मोकळा ठेवतात, म्हणजे तो आत-बाहेर सरकू शकतो. जुन्या वाड्यांच्या दारांतील पट्ट्या याच पद्धतीने बसवलेल्या असतात. एमडीएफला कमअस्सल समजण्याची वृत्ती असली, तरी पेटीचे काम आकार न बदलणे हे असल्यास तो तक्ता अखंड शिसवीपेक्षा सरस ठरतो.

कोपऱ्यांसाठी ४५ अंशांत कापलेला सांधा दिसायला सुबक असतो, पण तंतूंच्या टोकांना सरस नीट धरत नाही. म्हणून कोपऱ्यावर आडव्या खाचा पाडून त्यांत लाकडाच्या पातळ चिपा बसवतात. कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत अडकवणारा डव्हटेल सांधा अधिक बळकट असतो. तो पटाशीने हाताने काढण्यास वेळ आणि कौशल्य लागते. पेटी बहुधा सहाही बाजूंनी बंद अशी एकसंध जोडतात आणि मग करवतीने झाकण वेगळे करतात. त्यामुळे झाकण व पेटी यांच्या कडा आणि लाकडावरील रेषा तंतोतंत जुळतात.

अस्तराच्या पट्ट्या साधारण ३ ते ६ मिमी जाडीच्या असतात. त्या बहुतेकदा सरसाने चिकटवत नाहीत; नेमक्या मापाला कापून दाबून बसवतात, म्हणजे फुगण्या-आकसण्यास वाव राहतो. याच पट्ट्या पेटीच्या कडेपेक्षा काही मिलिमीटर वर काढतात. झाकण या उंचावलेल्या ओठावर घट्ट बसते आणि तेथेच हवेला अडसर होतो. नीट बनलेल्या पेटीचे झाकण हातातून सोडले तर ते आपटत नाही. आतली हवा हळूहळू बाहेर पडत असल्याने ते शेवटच्या टप्प्यात सावकाश, हलका उसासा टाकल्यासारखे मिटते. खरेदी करताना हीच साधी परीक्षा करतात. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून पाहणे ही दुसरी.

आतील लाकडाला वार्निश, मेण किंवा पॉलिश लावत नाहीत. लेप दिला की लाकडाची छिद्रे बुजतात आणि अस्तर असण्याचा हेतूच संपतो. बाहेरून मात्र लाखेचे किंवा लॅकरचे अनेक थर देतात. बिजागऱ्या, कुलूप आणि इतर सामान पितळी असते, कारण सततच्या ओलाव्यात लोखंड गंजते.

पेटी मुरवणे आणि मापन

वापरापूर्वी अस्तराला त्याचे पाणी पाजावे लागते. ओल्या फडक्याने आतील बाजू पुसण्याची जुनी पद्धत वेगवान आहे, पण तीत पाणी असमान शोषले जाऊन तंतू उभे राहतात आणि पातळ पट्ट्या वाकतात. त्याऐवजी ऊर्ध्वपातित पाण्याची बशी आत ठेवून पेटी एक ते दोन आठवडे बंद ठेवणे अधिक सुरक्षित ठरते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्षार स्पंजात साचून त्याची छिद्रे बंद करतात. बोअरवेलच्या जड पाण्याच्या प्रदेशात हे लवकर होते.

नंतर आर्द्रता टिकवण्यासाठी स्पंज, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण, किंवा क्षारांचे संपृक्त द्रावण भरलेली पाकिटे वापरतात. शेवटचा प्रकार बाष्प देतो तसा शोषूनही घेतो. आर्द्रतामापक बरोबर आहे की नाही हे तपासण्याची पद्धत घरगुती आहे. चमचाभर मिठात थोडे पाणी घालून दाट लगदा करावा आणि तो मापकासह बंद डब्यात आठ-दहा तास ठेवावा. संपृक्त मिठावरील हवेची आर्द्रता २५ अंशांवर ७५ टक्के असते. मापक जो आकडा दाखवील त्यातील फरक ही त्याची चूक.

मराठवाड्याचे हवामान: हिंगोलीचे उदाहरण

ह्युमिडॉरच्या बहुतेक सूचना युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बंद, तापवलेल्या घरांना धरून लिहिलेल्या असतात. दख्खनच्या पठारावरील घराला त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. उत्तरेला पैनगंगा आणि मधून वाहणारी कयाधू अशा या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. जून ते सप्टेंबर या काळात तीच हवा ओलीचिंब होते. सागवानाची ३० सेंमी रुंदीची स्पर्शरेषीय कापाची फळी २० टक्के आर्द्रतेशी आणि नंतर ८० टक्के आर्द्रतेशी पूर्ण समतोल साधेल, तर तिच्या रुंदीत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल. त्रिज्य कापाच्या फळीत हा फरक तीन मिलिमीटरहून कमी राहतो. पावसाळ्यात घट्ट बसणारी आणि उन्हाळ्यात खडखडणारी दारे हा याच हिशेबाचा रोजचा अनुभव.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ४० अंशांवरील २० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असते, तर २१ अंशांवरील ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे १३ ग्रॅम. मे महिन्याची ‘कोरडी’ हवा बाष्पाच्या वजनाने पेटीतील हवेपेक्षा फार गरीब नसते. ती गरम असते म्हणून कोरडी भासते. त्यामुळे पेटीत पाणी वाढवत राहण्यापेक्षा पेटी थंड जागी ठेवणे अधिक उपयोगी पडते. वाळ्याचे पडदे किंवा पाण्यावर चालणारा कूलर असलेल्या खोलीत तर दोन्ही गोष्टी एकदम साधतात. पावसाळ्यात उलट परिस्थिती असते. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प असते आणि झाकण उघडताच ते आत शिरते. अशा दिवसांत स्पंज काढून ठेवणे योग्य, नाहीतर बुरशी येते.

हिंगोलीचे साठवणुकीचे मुख्य पीक हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिजवून वाळवलेली हळद सुमारे १० टक्के किंवा त्याहून कमी जलांशावर ठेवावी लागते, म्हणजे सिगारच्या नेमके उलट. तरी दोहोंचा शत्रू एकच आहे. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हा दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा तपकिरी भुंगेरा ‘सिगारेट बीटल’ म्हणून ओळखला जातो. तो साठवलेल्या तंबाखूत, हळकुंडांत, मिरचीत आणि धण्यांतही आढळतो. त्याची अळी सिगारला बारीक गोल भोके पाडते, हळकुंडालाही तशीच. उबदार आणि दमट हवेत त्याची वाढ झपाट्याने होते, तर १८ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. सिगार उणे २० अंशांवर काही दिवस गोठवून मग हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणल्यास अंडी व अळ्या मरतात. हळदीच्या गोदामात स्वच्छता, कोरडेपणा आणि नियंत्रित धुरीकरण यांवर भर असतो. ज्या घरात हळद आणि मसाले साठवलेले असतात, तेथे ह्युमिडॉर त्यांच्या शेजारी ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

लाकडाशिवायही स्थिर हवा साधता येते, याचे उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूर येथील पेवांत दिसते. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण काही मीटर मातीखाली ऋतूंचे चढउतार पोचत नाहीत. २००५ च्या महापुरात या पेवांचे मोठे नुकसान झाले.

प्रसार

सिगारचे साठे आर्द्रता राखलेल्या तळघरात ठेवून विकण्याची पद्धत युरोपात रूढ करण्यात जिनिव्हाचे व्यापारी झिनो डेव्हिडॉफ (१९०६–१९९४) यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना विनोदी अभिनेते मिल्टन बर्ल यांनी भेट दिलेला ह्युमिडॉर १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना विकला गेला. ही किंमत अर्थातच लाकडाची नव्हती.

ह्युमिडॉरमध्ये ठेवल्याने सिगारचे आरोग्यावरील दुष्परिणाम कमी होत नाहीत. सिगारच्या धुरामुळे तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतात सिगारची जाहिरात, विक्री आणि वेष्टनावरील इशारे यांचे नियमन २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ अधिनियमाखाली होते. रिकाम्या झालेल्या जुन्या पेट्या अनेकदा इतर कामी येतात. सतत ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी असलेली लहान लाकडी वाद्ये, पोथ्या किंवा छायाचित्रे त्यांत ठेवता येतात. मात्र त्याआधी लाकूड काही आठवडे उघडे ठेवून त्याचा जलांश उतरू द्यावा लागतो, आणि तंबाखूचा वास पूर्ण जात नाही.